जुना कॉम्प्युटर फॉरमॅटला देण्याआधी

१४ ऑक्टोबर ही तारीख उत्तर नागपुरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९५६ साली ह्याच दिवशी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी जरीपटका, इंदोरा, कामठी रोड ह्या पट्ट्यातल्या डीटीपीवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. पुस्तिका, हँडबिलं, वंदनेच्या पुस्तकाची पुन्हा छपाई, सगळं एकदम येतं. हा सोहळा दसऱ्याला होतो; २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरलाच झाला, गर्दी ओसरली, आणि बरोबर १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. घरगुती कॉम्प्युटरना सुरक्षा-अपडेटची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ आहे, पण ती मुदतवाढच. जुना कॉम्प्युटर विंडोज ११ वर नेऊ म्हटलं, तर ते टीपीएम २.० मागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर मागतं. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या डब्यात हे नसतं. म्हणून नवा कॉम्प्युटर येतो.

खरी अडचण तो दुकानात मांडल्यावर सुरू होते. सीताबर्डीहून आलेल्या मशीनवर विंडोज ११ आधीच टाकलेलं असतं. जुना डबा बदल्यात गेलेला असतो किंवा पोराला अभ्यासाला म्हणून ‘फॉरमॅट मारून’ दिलेला असतो. हार्डवेअरवाल्याने ‘सगळा डेटा डी ड्राइव्हला टाकून दिला’ असं सांगितलेलं असतं, आणि ते खरंही असतं. मग पहिली लग्नपत्रिका येते, गेल्या वर्षीची फाइल उघडायला जावं तर पेजमेकरच नाही. पेजमेकरची सीडी सापडते, तर सेटअप चालत नाही. सेटअप झाला, तर फॉन्ट उडालेले आणि सगळीकडे चौकोन. फॉन्ट मिळाले, तर कीबोर्डवरून मराठी उमटत नाही.

डेटा म्हणजे फक्त फाइली नव्हेत, हे हार्डवेअरवाल्याला माहीत असण्याचं कारण नाही. तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

म्हणून जुनं मशीन अजून चालू असेल तर ते हातातून सोडण्याआधी एक काम उरकून घ्या. तयार झालेल्या, पुन्हा लागू शकणाऱ्या प्रत्येक फाइलची त्याच मशीनवर पीडीएफ करून ठेवा. कंटाळवाणं आहे, पण जुन्या फाइलीची गरज निम्म्या वेळा फक्त तशीच पुन्हा छापण्यापुरती असते. मग विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्स नावाचं फोल्डर पूर्ण उचला. त्यातून निवडत बसू नका. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ह्या मराठीच्या प्रोग्रॅमपैकी जे असेल त्याचं फोल्डर, सीरियल नंबरची चिठ्ठी आणि डोंगल एका पाकिटात घाला. सीडीवर भरवसा ठेवू नका. तिची आयएसओ प्रत करून पेनड्राइव्हवर घ्या, कारण नव्या मशीनला सीडी ड्राइव्हच नसतो आणि वीस वर्षांची सीडी कधी वाचायची थांबेल ह्याचा नेम नाही.

आता जुना प्रोग्रॅम नव्या विंडोजवर का अडतो, ते थोडक्यात. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये मिळतं. ६४-बिट विंडोज ३२-बिटचे प्रोग्रॅम चालवतं, पेजमेकर ६.५ आणि ७, जुनं कोरल, टॅली ७.२ हे ३२-बिटचे आहेत, म्हणजे तत्त्वतः चालायला हरकत नाही. १६-बिटचं मात्र काहीच चालत नाही: डॉसमधलं फॉक्सप्रोचं बिलिंग नाही, विंडोज ३.१ च्या काळातलं काही नाही. तिथे कितीही सेटिंग बदला, ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ एवढाच निरोप येणार. गंमत अशी की कधी प्रोग्रॅम ३२-बिटचा असतो, पण त्याचा सेटअप १६-बिटचा. काही ठरावीक जुने सेटअप विंडोज ओळखतं आणि त्यांच्या जागी स्वतःचा ३२-बिट सेटअप वापरतं, बाकीच्यांना दारातच अडवतं. तिसरी अडचण ड्रायव्हरची. डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या भागात बसतो आणि ६४-बिट विंडोजला तिथे ६४-बिटचाच, सही असलेला ड्रायव्हर लागतो.

ज्याचा सेटअप सुरू होतो त्याची गोष्ट आधी. सेटअप जेव्हा जागा विचारतो तेव्हा ‘प्रोग्रॅम फाइल्स’ मान्य करू नका. सी ड्राइव्हमध्ये थेट पीएम७ असं साधं फोल्डर करून तिथे टाका. हे जुने प्रोग्रॅम आपली सेटिंगं आणि कधी कधी तुमच्या फाइलीही स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात. प्रोग्रॅम फाइल्समध्ये तसं लिहायला विंडोज आता परवानगी देत नाही, आणि नाहीही म्हणत नाही. ती फाइल गुपचूप तुमच्या नावाच्या फोल्डरमधल्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर अशा आडवाटेच्या कोपऱ्यात ठेवतं. प्रोग्रॅममधून ती दिसते, एक्सप्लोररमधून दिसत नाही. दुसऱ्या नावाने लॉगिन केलं की प्रोग्रॅममधूनही दिसत नाही. ‘सेव्ह केलेली फाइल गायब झाली’ अशी तक्रार आली तर आधी तो कोपरा बघा.

त्यानंतर प्रोग्रॅमच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी. तिथे विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ निवडून बघा. मेनूची अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील तर तिथेच डीपीआयचं सेटिंग आहे. ते बदलून स्केलिंग सिस्टिमकडे द्या. ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ ही खूण करताना थोडं थांबा. मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम तुमच्या प्रत्येक कळीला मध्येच पकडून तिचं देवनागरी करतो. पेजमेकर ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने चालत असेल आणि टायपिंगचा प्रोग्रॅम साध्या हक्काने, तर खालच्या पायरीवरच्या प्रोग्रॅमला वरच्याच्या कळी पकडू द्यायच्या नाहीत, असा विंडोजचा नियम आहे. मग नोटपॅडमध्ये मराठी उमटतं, पेजमेकरमध्ये मात्र इंग्रजीच पडत राहतं आणि ऑपरेटर कीबोर्ड बदलून बघत बसतो. दोन्ही एकाच हक्काने चालवा. ह्या एका कारणापायी लोकांनी पूर्ण विंडोज पुन्हा टाकून घेतलेलं मी पाहिलं आहे.

फॉन्टचंही असंच. फाइलवर डबल क्लिक करून इन्स्टॉल दाबलं की आताचं विंडोज तो फॉन्ट फक्त तुमच्या नावापुरता टाकतं आणि जुन्या प्रोग्रॅमना तो कधी कधी सापडत नाही. राइट क्लिक करून ‘सगळ्या वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल’ निवडा. तरीही चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येत असतील तर कंट्रोल पॅनेलच्या रीजनमध्ये, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवर, युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमची भाषा बघा. इथे पुष्कळ जण प्रेमाने मराठी किंवा हिंदी निवडतात आणि फसतात. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी ह्यांचे जुने फॉन्ट विंडोजच्या दृष्टीने इंग्रजीच असतात. फक्त ए, बी, सीच्या जागी आपल्या अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. त्यांना तिथे इंग्रजीच हवी. त्याच चौकटीत खाली ‘जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा’ अशी बीटा खूण असते. ती दिसायला फार मराठीप्रेमी वाटते. काढून टाका.

पेजमेकरला पान रचताना डीफॉल्ट प्रिंटर ठरलेला लागतो. तेव्हा सेटिंगमधलं ‘डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या’ बंद करा, नाहीतर आज एक आणि उद्या दुसरा प्रिंटर येऊन पानं सरकतील. कोरलचा त्रास त्या मानाने कमी; नव्या आवृत्त्या जुन्या फाइली बहुतेक उघडतात, फॉन्ट तेवढे असायला हवेत.

एवढं करूनही पेजमेकर अधूनमधून कोलमडतो. ॲडोबीने त्याची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ मध्ये काढली होती. त्यावर रोजचा धंदा चालवायचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला जुन्या फाइलींपर्यंत पोचण्याचा जिना म्हणून ठेवा, आणि जिना ठेवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत बसवलेला जुना कॉम्प्युटर.

ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं आणि विंडोज ११ च्या होम आवृत्तीवरही चालतं. त्याच्या खिडकीत एक पूर्ण नकली कॉम्प्युटर तयार होतो आणि त्यात एक्सपी टाकता येतं. आधी नव्या मशीनच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना ते बघून घ्या. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली ते लिहिलेलं दिसतं. मशीनमध्ये ८ जीबी रॅम असेल तर एक्सपीला १ जीबी पुष्कळ झाली, डिस्क १० ते २० जीबी. परवान्याचं विसरू नका. दुकानातल्या मशीनसोबत आलेलं एक्सपी त्याच मशीनशी बांधलेलं असतं. वेगळं विकत घेतलेलं असेल तर ते वापरा.

एक्सपी चढलं की नेटवर्क ॲडॅप्टर काढून टाका. एक्सपीचं शेवटचं नियमित अपडेट ८ एप्रिल २०१४ चं आहे. त्याला इंटरनेटला जोडणं म्हणजे दुकानाचं शटर उघडं ठेवून गावाला जाणं. बाहेरच्या विंडोजशी देवाणघेवाण शेअर्ड फोल्डरमधून करा. त्यासाठी गेस्ट ॲडिशन्स टाकावे लागतात आणि हे काम पहिल्याच दिवशी करून घ्यावं. छपाईसाठी आतल्या एक्सपीला बाहेरच्या नव्या प्रिंटरची ओळख करून देण्याची खटपट करू नका. एक्सपीत एखादा पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर निवडून त्याला ‘फाइल’ पोर्ट द्या, पोस्टस्क्रिप्ट फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये काढा आणि बाहेर घोस्टस्क्रिप्टने तिची पीडीएफ करा. प्लेट काढणाऱ्याला तीच पाठवा.

सगळं नीट चालायला लागलं की आतला कॉम्प्युटर बंद करा आणि त्याचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. हा सगळ्यात मोठा फायदा. विंडोज, पेजमेकर, फॉन्ट, कीबोर्ड, सगळं त्या एका फोल्डरमध्ये आहे. पाच वर्षांनी आणखी नवा कॉम्प्युटर घेतलात तर तेच फोल्डर त्यावर ठेवून व्हर्च्युअलबॉक्समध्ये उघडायचं. जुना डबा अजून चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच डिस्क-टू-व्हीएचडी ह्या छोट्या साधनाने त्याची हार्ड डिस्क जशीच्या तशी नकली डिस्कमध्ये घेता येते. मात्र त्यावर एक्सपी असेल तर ते नव्या जागी पहिल्यांदा निळा पडदा दाखवून अडू शकतं, कारण त्याच्या दृष्टीने डिस्कचा कंट्रोलरच बदललेला असतो. हे काम जाणकाराकडून करून घ्या.

डोंगलचं निराळं. यूएसबी डोंगल असेल तर व्हर्च्युअलबॉक्समधून तो थेट आतल्या एक्सपीला जोडता येतो आणि त्याचा जुना ड्रायव्हर तिथे बिनतक्रार चालतो. विंडोज ११ वर थेट चालवायचा असेल तर बनवणाऱ्याकडून नवा ड्रायव्हर आणा. श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याची, आयएसएम काढणारी सी-डॅकही पुण्याची. विचारायला राज्याबाहेर जावं लागत नाही. ड्रायव्हर अडतो म्हणून कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटेग्रिटी बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या मशीनवर बँकेचं लॉगिन होतं त्यावर तो ऐकू नका. पॅरलल पोर्टच्या, म्हणजे प्रिंटरच्या रुंद पिनेच्या डोंगलसाठी बाजारात मिळणारी यूएसबी केबल उपयोगाची नाही. ती फक्त प्रिंटरपुरती असते. तो डोंगल असलेल्यांनी जुना डबाच जिवंत ठेवावा, इंटरनेटची वायर काढून.

आता दुकानदारांसाठी चार ओळी. फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनी उभ्या केलेल्या जरीपटक्याच्या बाजारात कॉम्प्युटरवरचा हिशेब नवा नाही, त्यामुळे जुन्या टॅलीच्या वह्या अनेकांकडे पडून असतील. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागला. त्याआधीच्या टॅलीवर आजचं बिल निघत नाही, तेव्हा ती चालवण्याचा प्रश्न फक्त जुनं वाचण्यापुरता आहे. जीएसटीच्या नोंदी मात्र त्या त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, आणि कोर्टात वाद चालू असेल तर त्याहून जास्त. म्हणून प्रोग्रॅम बदलण्याआधी दरवर्षीचं लेजर, डे-बुक आणि ताळेबंद पीडीएफमध्ये काढून सीएला एक प्रत द्या. डॉसमधल्या फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडतात, त्यासाठी फॉक्सप्रो लागत नाही. तोच प्रोग्रॅम चालवायचा असेल तर डॉसबॉक्स-एक्स बघा. साधं डॉसबॉक्स खेळांसाठी लिहिलेलं आहे, त्यात डॉट मॅट्रिक्सवर बिल काढायला घाम निघतो.

राहिलं युनिकोड. जुनं पुस्तक सुधारून काढायचं असेल, ई-बुक करायचं असेल किंवा मजकूर मोबाइलवर पाठवायचा असेल, तर कृतिदेव-श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय गत्यंतर नाही. पेजमेकरची फाइल बाहेर काढायला दोन वाटा आहेत. इनडिझाइनची सीएस६ ही पेजमेकर ६ ते ७ च्या फाइली उघडणारी शेवटची आवृत्ती. त्यापुढच्या उघडत नाहीत. ती नसेल तर लिबरऑफिसचा ड्रॉ किंवा स्क्रायबस ह्या फाइली उघडतात. रचना विस्कटते, पण मॅटर हाती येतं आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

मग रूपांतर. प्रत्येक फॉन्टची संकेतमांडणी वेगळी असल्याने कृतिदेवचं रूपांतरक शिवाजीला चालत नाही, आणि श्रीलिपीला तर नाहीच. आधी फाइलमध्ये कोणकोणते फॉन्ट आहेत ते बघा. शीर्षकं एकात आणि मॅटर दुसऱ्यात, हे सर्रास असतं. जुन्या फॉन्टमध्ये ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींची जागा उलटी. म्हणून चुका तिथेच होतात: ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘कार्यकर्त्यांनी’, ‘निर्मिती’ असे शब्द शोधून आधी तपासा. हिंदीसाठी लिहिलेली रूपांतरकं ‘ऱ्या’पाशी बऱ्याचदा अडखळतात. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘पायऱ्या’ हे शब्द शोधा, आणि ‘ळ’सुद्धा. पत्रिका असेल तर ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार जागेवर आहे ना ते बघा. नवरीच्या घरचे तो पहिल्यांदा बघतात.

नवी रचना इनडिझाइनमध्ये करणार असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर युनिकोड मजकुराची जोडाक्षरं सुटी पडतात आणि दोष फॉन्टला दिला जातो. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ बघा. पुष्कळ देवनागरी फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात आणि मराठी वळण आणायला भाषा मराठी अशी निवडावी लागते. टिरो देवनागरी मराठी हा फुकट मिळणारा फॉन्ट ती मुळातच मराठी वळणाची देतो, पुस्तकाच्या मॅटरला चांगला वाटतो. नव्या विंडोजमध्ये मंगल दिसला नाही तर घाबरू नका. तो, कोकिला, अपराजिता आणि उत्साह हे ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये देवनागरीच्या पुरवणी फॉन्टमध्ये ठेवलेले आहेत, तिथून चढवता येतात.

प्रूफ मात्र पडद्यावर वाचू नका. नवं प्रिंट काढा, शेजारी जुनं छापील पुस्तक ठेवा, एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने बघावं. नव्या फॉन्टमध्ये मजकूर थोडा आखडतो किंवा पसरतो, त्यामुळे पानं हलतात. अनुक्रमणिकेचे आकडे सगळ्यात शेवटी टाका, आणि १६ पानांचा फर्मा चुकणार असेल तर आधी छापखान्याला फोन करून विचारा.